उतारावरची रांग

आधी आलेला माल आधी बाहेर गेला पाहिजे, हे किराणा दुकानदाराला शिकवावे लागत नाही. बिस्किटांचा नवा खोका आला की तो जुने पुडे पुढे ओढतो आणि नवे मागे सारतो. त्याची फळी हातभर खोल असते, म्हणून हे जमते. तीच फळी बारा मीटर खोल झाली, पुड्यांच्या जागी एकेक टनाचे पॅलेट, म्हणजे माल रचलेले पाट, आले आणि ते हलवायला फोर्कलिफ्ट लागू लागली, की जुना माल पुढे ओढायला कोणाचाच हात पोचत नाही. पॅलेट फ्लो रॅक ही या अडचणीवर निघालेली तोड. तिची रचना अशी : रॅकच्या प्रत्येक खणात एक लांब लेन, लेनमध्ये रोलरच्या ओळी आणि त्या ओळींना मीटरमागे सुमारे चार सेंटीमीटर उतार. माल मागच्या, उंच बाजूने चढवायचा आणि पुढच्या, सखल बाजूने उचलायचा. पुढचा पॅलेट उचलला की मागची सगळी रांग आपल्याच वजनाने एक घर पुढे सरकते. वेग वाढू नये म्हणून अधूनमधून ब्रेक असलेले रोलर बसवतात. मोटार नाही, वीज नाही. हा रॅक घ्यावा, असे माझे मत आहे. सगळीकडे नव्हे, पण जिथे शोभतो तिथे निश्चित. विरोधातले मुद्दे मात्र हलके नाहीत, म्हणून ते मी एका अनुभवी गोदामप्रमुखाच्या तोंडी घातले आहेत आणि माझी बाजू एका नियोजकाकडे सोपवली आहे. ही दोन्ही माणसे कल्पनेतली आहेत. त्यांच्यातला प्रश्न मात्र भिवंडीपासून चाकणपर्यंत कुठल्याही गोदामात पडणारा आहे.

गोदामप्रमुख : तुम्ही सांगता ते लोखंड साध्या रॅकपेक्षा कित्येक पट महाग पडते. इतका पैसा घालायचा, तर आधी दुखणे काय ते तरी कळू द्या. आमच्याकडे माल साचून राहत नाही. एका मालाचे दहा पॅलेट असतात, रोज दोन जातात, रोज दोन येतात. म्हणजे पाच दिवसांचा साठा. सहा महिने टिकणाऱ्या मालाला पाच दिवसांत काय होणार? महिनाअखेरचा अहवाल काढा, त्यात हाच आकडा दिसेल. आमची माणसेही नवी नाहीत. जुना माल आधी काढायचा, हे त्यांना ठाऊक आहे.

नियोजक : साहेब, तो पाच दिवसांचा आकडा खरा आहे आणि घातही तोच करतो. समजा, हे दहा पॅलेट ड्राइव्ह-इन रॅकमध्ये आहेत. तिथे फोर्कलिफ्ट एकाच तोंडाने आत शिरते आणि त्याच तोंडाने माल काढते. सकाळी पुढचे दोन गेले, संध्याकाळी नवे दोन त्याच जागी आले, दुसऱ्या सकाळी तेच दोन बाहेर पडले. रोज दोन आत, रोज दोन बाहेर. आतले आठ पॅलेट मात्र तसूभरही हलले नाहीत. आज हलले नाहीत, महिन्याने हलणार नाहीत, एक्सपायरी उलटली तरी हलणार नाहीत. आता हेच दहा पॅलेट उताराच्या लेनमध्ये ठेवा. तिथेही रोज दोन आत, दोन बाहेर. पण प्रत्येक पॅलेट बरोबर पाच दिवसांनी बाहेर येतो, एक दिवस मागे नाही, एक दिवस पुढे नाही. दोन्ही गोदामांच्या अहवालात एकच ओळ छापून येईल : साठा दहा, जावक दोन, सरासरी पाच दिवस. साठ्याला रोजच्या जावकेने भागले की सरासरी मुक्काम निघतो, हे सूत्र जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केले. माल कुठल्या क्रमाने काढता, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. आपण सरासरी पाहून निर्धास्त राहतो, पण खाणाऱ्याच्या ताटात सरासरी जात नाही, एक ठरावीक पुडा जातो. तो त्या आठांतला निघाला तर अहवालातला पाचाचा आकडा त्याच्या काय कामाचा?

गोदामप्रमुख : ड्राइव्ह-इनपुरते मान्य. पण माझ्याकडे साधे सिलेक्टिव्ह रॅक आहेत. प्रत्येक पॅलेटसमोर गल्ली आहे, हवा तो पॅलेट हवा तेव्हा काढता येतो. वर संगणक आहे. आज खोक्यावरच्या बारकोडमध्येच बॅच आणि एक्सपायरी भरलेली असते. जीएस-वन या आंतरराष्ट्रीय बारकोड-पद्धतीत १० हा आकडा बॅचचा, १७ हा एक्सपायरीचा. औषधांमध्ये तर १ ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर असा कोड सक्तीचा झाला. संगणक सांगतो, अमुक खणातला पॅलेट काढ. माणूस तो काढतो. जे काम माहितीने होते, त्याला लोखंड कशाला?

नियोजक : संगणक सांगतो, हे खरे. काढतो मात्र हात. रात्री दहा वाजता डॉकवर चार गाड्या लागल्या आहेत, ड्रायव्हर घाई करतोय, आणि संगणकाने सांगितलेला पॅलेट पाचव्या मजल्यावर आहे. त्याच मालाचा, आठ दिवसांनी नवा पॅलेट खाली, हाताशी. खालचा काढला तर गाडी लवकर सुटते, शाबासकी आजच मिळते. वरच्या पॅलेटचा हिशेब चार महिन्यांनी निघतो आणि तो कोणा दुसऱ्याच्या नावावर पडतो. यात माणसाचा खोटेपणा नाही. नियम एका बाजूला आणि घाई दुसऱ्या बाजूला ओढत असेल, तर रोज शंभर वेळा नियम जिंकेल असे धरून चालणे हीच व्यवस्थेची चूक आहे. स्कॅन केल्याशिवाय काटे वर उचललेच जाणार नाहीत, असा कडेकोट बंदोबस्त तुमच्याकडे असेल, तर तुमचा मुद्दा मी निम्म्याहून अधिक मानतो. तसा नसेल, तर उताराच्या लेनचे बळ पाहा. तिथे जुना पॅलेट हाच सगळ्यांत हाताशी असलेला पॅलेट असतो. नवा काढायचा म्हटले तरी काढता येत नाही, कारण तो रांगेत मागे आहे. घाई आणि नियम एकाच दिशेला ओढू लागतात.

शिवाय जागेचा हिशेब मांडू. पॅलेट १.२ मीटर खोल आणि रीच ट्रक नावाच्या फोर्कलिफ्टला गल्ली तीन मीटर धरा. सिलेक्टिव्हमध्ये पाठीला पाठ लावून दोन पॅलेट, मग गल्ली : ५.४ मीटरमध्ये दोन पॅलेट. या मापाने १८ मीटरमध्ये सहा ते सात पॅलेट बसतात. उताराच्या रॅकमध्ये बारा मीटरची लेन आणि दोन टोकांना दोन गल्ल्या : त्याच १८ मीटरमध्ये दहा. शीतगृहात, जिथे प्रत्येक घनमीटर उणे १८ अंशांवर ठेवायला रोज वीज मोजावी लागते, तिथे हा फरक एकदा नाही, दर महिन्याच्या बिलात दिसतो. आणखी एक गोष्ट. आवक एका टोकाला, जावक दुसऱ्या टोकाला. माल भरणारी आणि माल काढणारी फोर्कलिफ्ट एकमेकींच्या वाटेत येत नाहीत.

गोदामप्रमुख : आता माझा खरा आक्षेप ऐका. तुमचा उतार आंधळा आहे. त्याला कळते ते एवढेच, की कोण आधी आत आले. आधी आलेले आधी संपणारे असेलच असे नाही. एका कारखान्याचा माल थेट येतो, दुसऱ्याचा वाटेतल्या डेपोत महिनाभर पडून येतो. आज आलेल्या गाडीत कालच्या गाडीपेक्षा जुनी बॅच असू शकते. तुमच्या लेनमध्ये ती रांगेच्या शेवटी जाणार आणि तिच्याआधी ताजा माल निघणार. औषधांच्या साठवणुकीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात जे आधी मुदत संपणारे ते आधी बाहेर, हे तत्त्व आहे. आधी आले ते आधी, एवढ्यावर भागत नाही. आणि समजा, तपासणीत एखादी बॅच रोखून ठेवायला सांगितली आणि ती लेनमध्ये चौथ्या जागी आहे, तर? सिलेक्टिव्हमध्ये मी ती सरळ काढतो. तुमच्याकडे आधीचे तीन काढा, चौथा बाजूला करा, ते तीन पुन्हा मागून चढवा. चढवताच त्यांचा क्रम शेवटचा. म्हणजे जो क्रम जपायला एवढे लोखंड उभे केले, तोच मोडला.

नियोजक : हा आक्षेप मी पूर्ण स्वीकारतो. उताराची बाजू घेणारे बहुतेक जण इथेच घसरतात. गुरुत्वाकर्षणाने आपोआप जुने आधी निघते, असे म्हणणे चूक आहे. त्याचा पुरावा धान्याच्या कोठीतच आहे. पत्र्याच्या कोठीला वर झाकण आणि खाली झडप असते. वरून भरायचे, खालून काढायचे. तेव्हा जुने आधी निघत असेल, असे वाटते. प्रत्यक्षात भिंती पुरेशा तिरक्या आणि गुळगुळीत नसतील, तर झडपेच्या बरोबर वरचा खांबासारखा भागच खाली वाहतो, मध्ये खळगा पडतो, आणि सगळ्यांत वरचे, म्हणजे शेवटी ओतलेले धान्य त्या खळग्यात घसरून आधी बाहेर येते. कडेचे जुने धान्य तिथेच चिकटून राहते. मोठ्या सायलोंमधला हा दोष अँड्र्यू जेनिके यांनी युटा विद्यापीठात अभ्यासला, आणि १९६४ च्या त्यांच्या अहवालापासून भिंतीचा कोन किती असावा हे मोजून ठरवले जाऊ लागले. तळ आणि वरची बाजू दोन्हीकडे आहेत, गुरुत्वाकर्षण दोन्हीकडे तेच; तरी एका आकाराच्या पात्रात क्रम टिकतो, दुसऱ्यात उलटतो. क्रम टिकतो तो आकारामुळे. पॅलेटच्या लेनमध्ये तो टिकतो याचे कारण एवढेच, की तिथे एकेरी रांग आहे आणि एकाला ओलांडून दुसऱ्याला पुढे जायला जागा नाही.

म्हणून माझा दावा नेमका काय, ते सांगतो. उतार क्रम लावत नाही, लावलेला क्रम जपतो. क्रम लावायचे काम आवकेच्या दाराशीच व्हायला हवे. गाडी रिकामी होताना बॅच आणि एक्सपायरी वाचा. ती लेनच्या शेवटच्या पॅलेटपेक्षा जुनी असेल, तर तिला त्या लेनमध्ये घालू नका, वेगळी लेन द्या आणि ती आधी संपवा. एका लेनमध्ये शक्यतो एकच बॅच. तपासणी व्हायची असलेला माल लेनमध्ये चढवूच नका. तो साध्या रॅकवर थांबू द्या, मोकळा झाला की रांगेत येऊ द्या. तुमच्या पद्धतीत योग्य निर्णय घ्यायची वेळ प्रत्येक पॅलेट काढताना येते : घाईत, रात्री, दहा वेगवेगळ्या माणसांवर. इथे ती एकदाच येते, दारात, उजेडात, हातात कागद असताना, एका जबाबदार माणसावर. निर्णयांची संख्या कमी झाली की चुकाही कमी होतात, आणि झालेली चूक कुठे झाली तेही सापडते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या परवाना नियमांतल्या अनुसूची ४ मध्ये कच्च्या मालासाठी दोन्ही क्रम नावानिशी दिले आहेत : आधी आलेले आधी, आणि आधी मुदत संपणारे आधी. दारातल्या शिस्तीची आणि उताराची जोडी जुळली, की हे दोन क्रम एकच होतात.

गोदामप्रमुख : कागदावर जुळले. आता जमिनीवर या. आपल्याकडचे लाकडी पॅलेट कसे असतात ते तुम्ही पाहिले आहेत. एक पट्टी तुटलेली, एक खिळा वर आलेला, एक कोपरा ओला होऊन फुगलेला. साध्या रॅकला याचे काही नाही. दोन बीमवर टेकला की झाले. रोलरवर तोच पॅलेट मध्येच अडकणार. शीतगृहात बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होणार, हलका पॅलेट हलायचा नाही, जड पॅलेट धावत सुटायचा. मग कोणीतरी पोरगा कमरेला दोर न बांधता लेनमध्ये उतरणार आणि तो पॅलेट ढकलणार. माल वेळेवर फिरावा म्हणून माणूस पणाला लावायचा का?

नियोजक : नाही. या प्रश्नावर वाद घालायलाच नको. उलट भीती किती खरी आहे ते आकड्यांनीच पाहू. मीटरला चार सेंटीमीटर उतार म्हणजे एका टनाच्या पॅलेटला पुढे ढकलणारा जोर घर्षण सोडून सुमारे चाळीस किलोच्या वजनाइतका. दहा पॅलेट एकमेकांना टेकून उभे राहिले, तर पहिल्यावर चारशे किलोच्या आसपास रेटा. असा रेटा पाठीशी असताना पुढचा पॅलेट उचलायला गेलात तर मागची रांग अंगावर येईल. म्हणून पुढच्या टोकाला सेपरेटर लागतो. तो दुसऱ्या पॅलेटला अडवून धरतो, पहिला मोकळा उचलता येतो, तो पूर्ण बाहेर पडल्यावरच दुसऱ्याला वाट मिळते. ब्रेक रोलर आणि सेपरेटर यांत काटकसर करून जो रॅक स्वस्तात विकतो, त्याच्याकडून तो घेऊ नये. मालक तेवढाच खर्च करायला तयार असेल, तर माझा सल्ला सरळ आहे : रॅक बसवू नका.

पॅलेटबाबत तुम्ही बोलता ते अगदी बरोबर. रोलरवर कुठलाही पॅलेट चालत नाही. तळाच्या पट्ट्या रोलरवर कुठल्या दिशेने येतात, हेदेखील आधी ठरवावे लागते. म्हणून रॅकची मागणी नोंदवण्यापूर्वी आपले खरे पॅलेट आणि खरा माल देऊन चाचणी घ्यायची : सर्वांत हलका, सर्वांत जड आणि थंडीत चालवायचा असेल तर त्याच तापमानात. दारात बॅचबरोबर पॅलेटही तपासायचा. तुटका असेल तर माल दुसऱ्या पॅलेटवर घेऊन मगच पुढे. आणि अडकलेल्या पॅलेटसाठी नियम एकच, भिंतीवर लिहून ठेवावा असा : दोन्ही टोकांची फोर्कलिफ्ट थांबल्याशिवाय आणि वरची रांग अडवल्याशिवाय लेनमध्ये कोणी पाऊल ठेवणार नाही. हा नियम पाळायची ज्या गोदामाची तयारी नाही, त्याने या रॅकच्या वाटेला जाऊ नये.

गोदामप्रमुख : एवढ्या अटी घातल्यावर उरले किती? माझ्याकडे हजारभर प्रकारचा माल. त्यातल्या बहुतेकांचे दोन-तीन पॅलेट असतात. एका बॅचला एक लेन म्हटले, तर दहा घरांच्या लेनमध्ये दोनच पॅलेट उभे राहतील आणि मागची आठ घरे रिकामी. तुमचा जागेचा हिशेब तिथेच बुडाला. उताराने लेनच्या दोन टोकांत अर्धा मीटर उंची खाल्ली, ती वेगळीच.

नियोजक : उंचीचे बोलायचे तर बारा मीटरला ४८ सेंटीमीटर, पण सगळे मजले एकमेकांना समांतर उतरतात, त्यामुळे ती उंची एकदाच जाते, मजल्यागणिक नाही. बाकी तुमचे म्हणणे खरे आहे, आणि त्यातूनच हा रॅक कुठे घ्यायचा ते ठरते. जो माल थोड्या प्रकारांत, मोठ्या संख्येने आणि कमी मुदतीचा येतो, तोच उतारावर घ्यायचा : दूध, दही, आइस्क्रीम, शीतपेये, बिस्किटे, मोठ्या खपाची औषधे. हजार प्रकारांतले असे पन्नास-साठच निघतील. बाकीचे नऊशेहून अधिक साध्या रॅकवर, तुमच्या संगणकाच्या भरवशावर राहू द्या. तिथे तोच योग्य. मात्र एकाच मालाचा मोठा साठा आता जमू शकतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, आणि केवळ केंद्रीय विक्रीकर वाचवण्यासाठी प्रत्येक राज्यात डेपो ठेवायची गरज संपली. तीन राज्यांचा माल एका ठिकाणी ठेवणे शक्य झाले. जिथे एका मालाचे दोन पॅलेट असत, तिथे आता वीस असू शकतात. खोल लेन भरेल एवढा एकाच मालाचा साठा अशा गोदामांतच जमतो.

मोठ्या साठ्याबरोबर जबाबदारीही मोठी येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्यांना बजावले, की पदार्थ ग्राहकाच्या हाती पडताना त्याची ३० टक्के मुदत किंवा मुदत संपायला ४५ दिवस शिल्लक असावेत. आता मुदत संपलेला माल जाळून टाकला म्हणजे सुटलो, असे राहिले नाही. गोदामाच्या कोपऱ्यात वाया गेलेला प्रत्येक दिवस ग्राहकाच्या वाट्यातून कापला जातो.

इथवर आल्यावर दोघांतले अंतर बरेच कमी झाले आहे, आणि ते कोणी हरल्यामुळे कमी झालेले नाही. गोदामप्रमुखाने दाखवलेल्या उणिवा एकूण एक खऱ्या आहेत : उतार आंधळा आहे, तुटका पॅलेट त्याला चालत नाही, थोडा माल त्याला परवडत नाही. त्या कबूल करूनही माझे मत तेच राहते, कारण या प्रश्नाच्या मुळाशी मला एक अन्याय दिसतो. क्रम मोडणारा एक, आणि त्याचे फळ भोगणारा दुसरा, अशी गोदामाची घडणच आहे. नवा पॅलेट आधी काढणाऱ्याला दहा मिनिटे वाचतात. त्याची किंमत जो मोजतो, तो त्या गोदामात कधी पाऊलही ठेवत नाही. तो गावातला असतो, रुग्णालयाच्या खाटेवरचा असतो, बारीक अक्षरात छापलेली तारीख वाचता न येणारा असतो. जिथे चूक करणारा आणि सोसणारा एकच, तिथे शिकवण पुरते. जिथे ते दोघे शेकडो किलोमीटर दूर असतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत, तिथे चांगुलपणावर सगळा भार टाकणे बरोबर नाही. नियम जमिनीत, लोखंडात, उताराच्या कोनात बसवायला हवा.

दुकानात फ्रीजसमोर उभी असलेली बाई दुधाची पिशवी घेताना हात आत घालून मागची काढते, पुढची सोडते. तिला दोष देता येत नाही. घरी लहान मूल आहे आणि तिला ताजे दूध हवे आहे. पण ती मागे हात घालते, कारण पुढे ठेवलेल्या मालावर तिचा विश्वास उरलेला नाही. हा विश्वास दुकानात तयार होत नाही. तो तिच्या शहरापासून दूर, एखाद्या शीतगृहाच्या मागच्या दाराशी तयार होतो : थंडीत उभा असलेला माणूस टॉर्चच्या उजेडात खोक्यावरची तारीख वाचतो, शेवटच्या पॅलेटच्या तारखेशी ताडून पाहतो, आणि मगच फोर्कलिफ्टवाल्याला लेन दाखवतो. पुढचे बारा मीटर उतार सांभाळतो.